पेटीच्या बुडाचं भोक

माझी बायको म्हणते, तुम्हाला झाकणाचं वेड लागलंय. खरं आहे. जेवणाचा डबा उघडला की मी आधी झाकण उलटं करून बघतो, आणि आतून थेंब लागलेले दिसले की माझी भूक जाते. रस्त्यात उभ्या गाडीच्या दिव्याच्या काचेत आतून वाफ धरलेली दिसली की थांबतो, गाडी कुणाची का असेना. पावसाळ्यात घराबाहेरच्या वीज मीटरची काच धुरकट झाली की बोटानं पुसायला जातो आणि दर वेळी मग लक्षात येतं, ओल आतल्या बाजूला आहे. "कुणा जाणत्याला दाखवायचं का तुम्हाला?" असं ती हसत विचारते. मी तिच्यावर खेकसतो. खेकसायची मला सवयच आहे, आणि आता जे सांगणार आहे ते त्या सवयीपायीच झालं.

तेव्हा मी नांदेडला होतो. आमचं काम ओढ्या-नद्यांवरच्या पेट्या सांभाळायचं. फरशी पूल तुम्हाला माहीत असेल, नदीच्या तळालगत टाकलेला बुटका रस्ता, पाणी जरा वाढलं की वरून वाहतं. अशा पुलांच्या तोंडाशी एक लोखंडी खांब, खांबावर राखाडी पेटी, पेटीतून एक वायर खाली पाण्यापर्यंत आणि वर भोंगा. पाणी फरशीवर चढलं की भोंगा वाजायचा. वाजला की कुणी पलीकडं जायचं नाही, एवढंच त्याचं काम. किनवटच्या जंगलापासून बिलोलीपर्यंत अशा बारा पेट्या माझ्या अंगावर होत्या आणि मी मोटरसायकलवर हिंडून त्या तपासायचो.

पेटी साधीच. झाकणाला रबराची पट्टी, आत वायरींचा गुंता, कोपऱ्यात निळ्या दाण्यांची पुडी. ते दाणे हवेतली ओल पितात. पिऊन पोट भरलं की गुलाबी होतात, मग पुडी बदलायची. आणि पेटीच्या बुडाला एक भोक, हरभऱ्याएवढं. ते कशाला असतं हे पेटीसोबत आलेल्या पुस्तकात लिहिलेलं होतं. पुस्तक माझ्या टेबलाच्या खणात होतं.

बिलोली तालुक्यातल्या एका गावात पेटीची चावी मावशीकडे होती. माझी सख्खी मावशी नव्हे, गावात तिला सगळे मावशीच म्हणायचे. बौद्धवाड्याच्या टोकाला, नदीच्या अगदी काठाशी तिचं घर. शाळेत मुलांची खिचडी शिजवायचं काम करायची. तिच्या जोडीला शेतकऱ्यांच्या आळीतली एक काकू होती. दोघींची चूल एक. पहिली दोन वर्षं काकू घरून आपली पाण्याची बाटली घेऊन यायची, मावशीच्या तांब्याला हात लावायची नाही. मग एका उन्हाळ्यात बाटली घरी विसरली, घसा सुकला, आणि ती मावशीच्या तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायली. तिथून पुढं बाटली बंद झाली. हे मला मावशीनं कुलूप उघडता उघडता सांगितलं होतं. मला वाटलं, ही बाई फार बोलते.

श्रावणातली दुपार होती. मी न कळवता गेलो. बघतो तर काय, खांबाला शिडी टेकलेली आणि पेटीचं झाकण सताड उघडं! खाली बाजेवर गोधडी पसरलेली, सुपात उडदाची डाळ, आणि एका ताटलीत माझे निळे दाणे. माझं डोकंच फिरलं.

"मावशी! ही सरकारी पेटी आहे का तुमची उतरंड?"

ती काही घाबरली नाही. पदरानं हात पुसत आली. "ऊन दाखवून राहिले, साहेब. श्रावणात ऊन दाखवल्याबगर काय टिकतंय का? दाणे गुलाबी पडले व्हते, तव्यावर जरासे परतले. बघा की, कसे निळेशार झाले."

"दाणे परतले? पोहे आहेत का ते? आणि ही सीलबंद पेटी आहे. सीलबंद म्हणजे काय, कळतं का?"

"कळतंय की. पर सकाळी झाकणाला आतून पाणी सुटतंय, मी रोज पुसते. ती दम टाकतीय, साहेब. दिवसा तापली की आतलं बाहेर सोडती, पाऊस पडून गार झाली की बाहेरचं आत ओढती. बुडाच्या भोकाला बोट लावून बघा, वारा लागतोय."

मी हसलो. आज ते हसणं आठवलं की कानशिलं तापतात. तिनं चार वाक्यांत सांगितलं तेच त्या पुस्तकात दोन पानं भरून दिलेलं होतं. उन्हात पेटी तापते, आतली हवा फुगते आणि फटीतून निघून जाते. सरीवर सर आली की पेटी एकदम गार पडते, आतली हवा आक्रसते आणि बाहेरची ओली हवा वायरीच्या कडेनं आत खेचली जाते. पेटी कितीही घट्ट आवळा, ती श्वास घेतेच. आत आलेल्या हवेतली ओल झाकणाला थेंब होऊन बसते. तो थेंब ओघळून खाली जावा, म्हणून बुडाला भोक.

त्या भोकापाशी कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधायला सुरुवात केली होती. किनवटच्या एका पेटीत अशाच माशीचं घर सापडलं म्हणून आमच्या साहेबांनी मला चारचौघांत झापलं होतं. तो राग ताजा होता. मी शिडीवर चढून माती खरवडली, पिशवीतून लांबी काढली, दोन रंगांचे गोळे एकत्र मळले आणि भोकात भरून अंगठ्यानं दाबले.

"साहेब, ते नका बुजवू," मावशी म्हणाली. "पाणी कुठून जाईल?"

"आत येईलच कुठून, की जाईल?"

माझं मलाच हे उत्तर इतकं आवडलं की नांदेडपर्यंत मनात घोळवत गेलो. निघताना तिच्याकडून चावी काढून घेतली, नवं कुलूप घातलं आणि रजिस्टरात लिहिलं, 'चावीधारक महिला रोज पेटी उघडते. तंबी दिली.' दुपारचे तीन वाजले असतील. अंगातून घाम निथळत होता, हवा ओल्या फडक्यासारखी तोंडावर बसत होती. तीच हवा मी आत कोंडली आणि चारी स्क्रू आवळले.

पुढं महिनाभर मी बाकीच्या अकरा पेट्यांची भोकंही तशीच बुजवत हिंडलो, तिकडं फिरकलो नाही. पेटी बंद, कुलूप माझं, मला कसली फिकीर?

भाद्रपदात एका पहाटे वरच्या अंगाला पाऊस झाला. गावात थेंब नव्हता. सकाळी सातच्या सुमाराला काकूचा मुलगा मोटरसायकलला दुधाच्या दोन किटल्या अडकवून फरशीवर आला. तो गावाचं दूध गोळा करून पलीकडच्या मोठ्या रस्त्याला पोचवायचा. काकूला तो एकुलता. पाणी गढूळ होतं, खोली कळत नव्हती. काठावरच्या माणसांनी त्याला हटकलं. तो म्हणाला, "भोंगा कुठं वाजलाय? वाजला न्हाई म्हंजे घोट्याएवढं बी नसंल."

पूर्वी फरशीच्या तोंडाशी एक दगड होता. तो बुडाला की लोक थांबायचे. भोंगा आल्यापासून दगडाकडं बघायचं सगळ्यांनी सोडलं होतं.

मला फोन मावशीनं केला. "साहेब, भोंगा वाजला न्हाई," एवढंच ती बोलत होती. मी तीनदा विचारलं काय झालं, ती तीनदा तेच बोलली. मागून बायांचा आक्रोश ऐकू येत होता. काकूचा मुलगा दुसऱ्या दिवशी खाली दोन कोसांवर बाभळीत अडकलेला सापडला.

पेटी दुसऱ्या पथकानं उघडली. आत सर्किटवर हिरवा गंज, भोंगा चालू करणारा पुर्जा गंजून चिकटलेला, बुडाला पाणी. "आत पाणी होतं," हे शब्द ऐकले त्याच क्षणी मला माझा अंगठा आठवला. दुसरं काही आठवलंच नाही. चौकशीच्या बैठकीत साहेबांनी विचारलं, "पेटी कोण उघडत होतं?" मी म्हणालो, "रजिस्टरात नोंद आहे, सर." माझा शब्द न् शब्द खरा होता. त्यांनी नोंद वाचली आणि कारण लिहिलं, चावीधारक महिलेच्या हलगर्जीमुळं पेटीत ओल शिरली. पेटीच्या बुडाला कुणी हात लावून बघितलं नाही. नवा पुर्जा बसवला, झाकण लावलं, झालं.

एवढ्यावर थांबलो असतो तर निदान म्हणता आलं असतं की मला खात्री नव्हती. पण त्याच आठवड्यात मी उरलेल्या अकरा पेट्यांवर गेलो आणि बुजवलेलं एकेक भोक पेचकसानं उघडलं. अकराही. कुणाला सांगितलं नाही. बाराव्या पेटीकडं जायची माझी छाती झाली नाही, कारण तिथं जायचं तर मावशीच्या दारावरून जावं लागत होतं. मग मी बदली मागितली. लातूरला आलो. बायकोला सांगितलं, मुलांच्या शिकवणीसाठी. ती म्हणाली, "चला, एवढं तरी सुचलं तुम्हाला."

चार वर्षं गेली. गेल्या हिवाळ्यात नांदेडहून फोन आला. त्या जुन्या पेट्यांची माहिती असलेलं आता कुणी उरलं नाही, एकदा येऊन जा. बिलोलीकडच्या एका गावात भोंगा कण्हतोय. नीट वाजत नाही, नुसता कण्हतो, ज्या सकाळी धुई पडते त्या सकाळी. ऊन चढलं की गप्प. गावातल्या बाया त्या वेळेला फरशीकडं जायच्या बंद झाल्यात.

गावाचं नाव मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

आदल्या संध्याकाळी बिलोलीला मुक्काम केला आणि उजाडताच निघालो. धुई इतकी दाट होती की खांब पन्नास पावलांवरून दिसेना. पण आवाज ऐकू येत होता. मी गाडी बंद करून तिथंच उभा राहिलो. खरं सांगतो, मला पुरतं माहीत होतं की आत दोन टोकांच्या मध्ये पाण्याची पातळ साय धरली आहे, तिच्यातून थोडी वीज झिरपते आणि भोंग्याला पुरा आवाज काढायला ती पुरत नाही. सगळं माहीत होतं. तरी मी कानांवर हात धरले. तापात पडलेलं माणूस कुणाला तरी हाक मारायचा प्रयत्न करतं ना, तसा तो आवाज होता.

खांबाखाली, त्या जुन्या दगडावर एक बाई डोक्यावरून शाल घेऊन बसली होती. मी आलेलो तिनं बघितलं आणि पुन्हा भोंग्याकडं मान वळवली. मी शिडी लावली, कुलूप काढलं आणि झाकण उघडलं तर पळीभर पाणी माझ्या बाहीवर सांडलं. भोंगा बंद पडला. मी आतलं सगळं पुसलं, गंजलेली टोकं घासली, नवी पट्टी लावली, नवी पुडी ठेवली. मग हात खाली घालून बूड चाचपलं. लांबीची गोळी तिथंच होती, दगडासारखी टणक. पेचकस घालून फिरवली, ती अख्खी निघून हातात आली. तिच्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा होता, रेघन् रेघ. वाटलं, फेकावी नदीत. हात उचललाही होता. खाली ती बाई वर बघत होती, म्हणून गोळी खिशात घातली.

खाली उतरून शिडी आवरली आणि मावशीच्या दारी गेलो. ती म्हातारी झाली होती. चार वर्षांत माणूस एवढं म्हातारं होत नाही. "या साहेब," म्हणाली. ओसरीत चटई टाकली, पाण्याचा पेला भरून समोर ठेवला. मी पेल्याकडं बघत बसलो.

"एक विचारू का?" ती म्हणाली. "त्या चौकशीपायी शाळेतलं काम गेलं, त्याचं काय न्हाई. हातपाय हायेत, मजुरी करते. पर ती काकू माझ्या हातचं पाणी पीत न्हाई आता. शाळेत परत बाटली आणू लागली व्हती. मी उघडी ठेवल्यानं तिचं लेकरू गेलं म्हणून पीत न्हाई, का ते जुनं परत आलं, मला कळंना झालंय. लेकरामुळं असंल तर मी सोसीन. पर ते दुसरं असंल तर..." तिनं पेला माझ्याकडं आणखी सरकवला.

मी खिशातली गोळी काढून चटईवर ठेवली. "मावशी, तुमच्यामुळं नाही झालं. ह्याच्यामुळं झालं. माझ्यामुळं."

तिनं गोळीला हात लावला नाही. "मला ठावं हाय. मी व्हते की तिथं. बुजवू नका म्हणले व्हते."

"मग चौकशीत सांगायचं नाही का?"

"सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं न्हाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार वर्षं मी समजत होतो की हे फक्त मला माहीत आहे.

"तिला बी सांगितलं," मावशी म्हणाली. "ती म्हणली, तू तुझं अंग काढून घ्यायलीस. साहेब, मला सांगून काय फायदा? तिला सांगा. ती काय तिथं दगडावर बसलीय."

ती बाई काकू आहे हे मला तेव्हा कळलं. पूर्वी शाळेत बघितलेल्या त्या मोठ्या उंच बाईची आता एवढीशी मूठ झाली होती.

मी फरशीकडं चालत गेलो तेव्हा धुई विरत होती. काकू भोंग्याकडं बघत होती. "आज लवकर गप कामून झाला?" तिनं विचारलं. "ऊन पडूस्तर बोलतोय रोज."

"दुरुस्त केला, काकू."

"म्हंजे उद्या बोलणार न्हाई?"

मी मान हलवून नाही म्हटलं. ती म्हणाली, "त्या बाया भितात. मी न्हाई भीत. ह्याच टायमाला गेला ना तो. लेका, जाऊ नको, पाणी हाय, असं कुणीतरी म्हणत असंल तसं वाटतंय मला. चार साल उशिरा का व्हईना."

मी तिच्यापुढं खाली बसलो आणि सगळं सांगितलं. भोक, माशी, लांबी, चावी, रजिस्टर, चौकशी, अकरा पेट्या.  भोंग्याचा तो कण्हणारा आवाज आत साठलेल्या पाण्याचा होता, हेही सांगितलं. ते सांगायला नको होतं की काय, अजून मला कळलेलं नाही. गोळी तिच्या हातावर ठेवली. तिनं ती फिरवून बघितली आणि ठशावर आपला अंगठा टेकवला.

"तुमचा हाय?"

"हो."

मला वाटलं होतं, ती मारेल. मारायला हवं होतं. ती गुडघ्यांवर हात ठेवून उठली आणि म्हणाली, "कागदावर तिचं नाव हाय. तिथं तुमचं घाला." आणि गोळी मुठीत धरून मावशीच्या घराकडं चालू लागली. मी मागून गेलो, चार पावलं अंतर ठेवून.

मावशी दारातच उभी होती. काकू उंबऱ्याशी थांबली.  मग म्हणाली, "पाणी दे गं."

मावशी तांब्या आणायला वळली, पण तिला तेवढाही धीर निघेना. चटईवर माझ्यासाठी भरलेला पेला तसाच होता. तिनं तो उचलून काकूच्या हातात दिला. काकूनं तो एका दमात संपवला, पेला पुढं केला, म्हणाली, "अजून." मावशीनं भरला. मग दोघीही उंबऱ्यावर बसल्या आणि मावशीनं काकूचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. मी अंगणात उभा होतो. मला कुणी बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. मराठवाड्यात दारी आलेल्या वैऱ्यालाही आधी पाणी विचारतात.

त्याच आठवड्यात मी लेखी दिलं, माझ्या नावानिशी, सहीनिशी. तो कागद कुठल्या टेबलावर आहे माहीत नाही, मी दर महिन्याला जाऊन विचारतो. गोळी काकूनं परत दिली नाही.

भोंगा आता नीट चालतो. पावसाळ्यात दोनदा वाजला, लोक थांबले, मावशीनंच फोन करून कळवलं. हिवाळ्यात धुई पडते त्या सकाळी मात्र मी लातूरच्या घरात उठून बसतो. बायको म्हणते, झोपा हो, काय ऐकताय? काही ऐकू येत नाही. तीच बाई आठवते. ती अजून जाऊन बसत असेल त्या दगडावर, आणि मी दुरुस्त केलेला भोंगा तिच्याशी बोलत नसेल.